आसरांचा उपास

"भुईला घाई न्हाय, मग आपल्याला कशाची?"

हे रामकिसनचं ठरलेलं वाक्य होतं. एसटी डोळ्यांदेखत सुटली तरी हेच, ताटातली भाकरी गार झाली तरी हेच. स्वतःच्या लग्नात मुहूर्त टळून गेल्यावर तो बोहल्यापाशी पोचला, तेव्हा भटजींनाही त्यानं हेच ऐकवलं होतं म्हणतात. भूमकडच्या वाशीपासून आडबाजूला, माळाच्या कुशीत सावरगव्हाण नावाचं गाव आहे. त्या गावात एखादं काम रेंगाळलं की लोक म्हणायचे, "रामकिसनाच्या हाती दिलंय वाटतं." रामकिसन ते ऐकायचा आणि त्याला बरं वाटायचं. आपल्या नावानं गावात काहीतरी चालतं, एवढं त्याला पुरे होतं.

तो उंच होता, वाळका होता, आणि पाऊल उचलणं आणि ठेवणं यांच्यामध्ये थोडा विचार करायचा. रानात औत धरलं तर बैल मागं वळून बघायचे. पण त्यानं आणि त्याच्या बायकोनं, धुरपदाबाईनं, खोदलेली विहीर एकदा पाहिली की माणूस त्याच्या संथपणाला हसायचा थांबायचा. तो खडक फोडायचा आणि ती डोईवरून डबर वर काढायची. कित्येक उन्हाळे हे चाललं. पाहुणे यायचे, "अजून?" विचारायचे आणि जायचे. शेवटी पाणी लागलं ते असं गोड, की चैत्रात सगळी वस्ती त्याच विहिरीवर कळशा घेऊन यायची. आणि विहिरीचा घेर बांगडीसारखा गोल. घाई करणाऱ्या माणसाच्या हातून असा गोल येत नाही.

विहिरीच्या कठड्यात एक कोनाडा होता. त्यात शेंदूर लावलेले सात गोटे होते. त्या आसरा, पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी. दर शुक्रवारी धुरपदाबाई त्यांना हळदकुंकू वाहायची, दहीभात ठेवायची. रामकिसन लांबून बघायचा. त्याचं म्हणणं असं, की पाणी खडकातून येतं. धुरपदाबाईचं म्हणणं असं, की खडकातून येतं ते खरं, पण कुणीतरी पाठवतं म्हणून येतं. या एका मुद्द्यावर त्यांचा संसार फार सुखात चालला होता.

मग एके दिवशी सकाळी विहिरीतून बादली वर आली ती पिवळी.

रामकिसननं पाणी ओतून दिलं आणि बादली पुन्हा सोडली. पुन्हा पिवळंच आलं, हळद कालवल्यासारखं. तो कठड्यावर बसला आणि विचार करू लागला. त्याचा विचार संपायच्या आत बातमी गावात पोचली होती आणि गावानं तिचा अर्थही लावून टाकला होता. खंडोबानं विहिरीत भंडारा उधळला. दुपारपर्यंत लोक तांबे, कळशा, थंड पेयांच्या रिकाम्या बाटल्या घेऊन दारात उभे.

"नळदुर्गच्या खंडोबाला जायचं भाडं वाचलं बघ," अण्णाराव म्हणाला. अण्णाराव म्हणजे एके काळचा सरपंच. पद गेलं होतं, पण मारुतीच्या पारावर बसून गावाचा निकाल लावायची सवय गेली नव्हती. त्यानं दोन कॅन भरून नेले. दुसऱ्या दिवशी त्याच्या पुतण्याची हळद होती. देवानं आयतं पिवळं पाणी दिलं असताना वर हळद कशाला कुटायची, म्हणून नवरदेवाला त्याच पाण्यानं न्हाऊ घातलं. लग्नात मंगलाष्टकं चालू झाली तेव्हा अंतरपाटाच्या एका बाजूनं नुसता खरखर खरखर आवाज येत होता. नवरदेवाला दोन्ही हात कमी पडत होते. त्यानंतर खंडोबाचं नाव कुणी काढलं नाही.

पुढं सरकारी गाडी आली, बाटल्या भरून गेल्या, आणि खरं काय ते कळलं. वरच्या माळावर एक पत्र्याची शेड होती. मोटारसायकलच्या भागांवर चकाकी चढवायचं काम तिथं चालायचं. त्या कामाचं उरलेलं पिवळं पाणी म्हणजे विष. शेडवाल्यानं ते वर्षानुवर्षं एका आटलेल्या बोअरमध्ये सोडलं होतं. ते विष मातीतून, खडकाच्या भेगांतून चालत चालत रामकिसनच्या विहिरीत पोचलं होतं. गाडी आल्याचं कळताच शेडवाला कुलूप लावून नाहीसा झाला. त्याचं नाव गावात कुणालाच सांगता येईना, कारण फाटकावरच्या पाटीवर एवढंच लिहिलेलं होतं: प्रवेश बंद.

विहिरीभोवती काटेरी तारेचं कुंपण पडलं. 'पाणी पिण्यास अयोग्य' अशी पाटी लागली. कठड्यातल्या आसरा तारेच्या आत राहिल्या.

जिल्ह्याच्या समितीचे राघवेंद्र साहेब येऊन पाराखाली उभे राहिले आणि त्यांनी निर्णय वाचून दाखवला. मातीची आणि भूजलाची सफाई होईल. त्याला दोन वर्षं लागतील. दोन वर्षांनी पाणी स्वच्छ निघालं तर विहीर राहील. न निघालं तर दगड आणि सिमेंट टाकून विहीर कायमची बुजवली जाईल, म्हणजे त्या वाटेनं विष कुणाच्या पोटात जाणार नाही.

रामकिसननं एवढंच विचारलं, "बुजवायची म्हंजे पार वरपातूर?"

"पार वरपर्यंत," साहेब म्हणाले.

त्या दिवशी रामकिसन जेवला नाही. धुरपदाबाईही नाही. ताटं झाकून दोघं अंगणात बसून राहिले.

सफाईचं काम घेऊन आली ती नीरजा. तुळजापूरच्या एका मास्तरांची मुलगी, पायात गुडघ्याला येतील असे बूट, आणि बोलणं असं की समोरच्याला कळेपर्यंत सोडायची नाही. तिनं शेड आणि विहीर यांच्यामधल्या रानात यंत्रानं बारीक भोकं पाडून सात नळ्या उभ्या पुरल्या. नळ्यांची तोंडं हातभर वर, त्यांवर कुलपाची टोपणं. टोपणं शेंदरी रंगाची होती, कारण तिच्या कंपनीकडं तेवढाच रंग शिल्लक होता.

"मामा, हे आपले डोळे," ती म्हणाली. "यांतून खालचं पाणी दिसतं. यात बाहेरचं काही पडता कामा नये. राखण तुम्ही करायची."

रामकिसनला एक टोपी मिळाली, एक शिट्टी मिळाली आणि सात किल्ल्यांचा जुडगा मिळाला. जुडगा त्यानं करदोड्याला बांधला. जन्मभर लोकांनी त्याला मागं सारलं होतं. आता सरकारनं त्याला सात डोळ्यांवर नेमलं होतं. तो नळ्यांमधून टोपी घालून फिरायचा आणि बगळा बसला तरी शिट्टी वाजवायचा. बगळा उडून गेल्यावर वाजायची, पण वाजायची.

मग साखर कारखान्याकडून मळीचा टँकर आला. उसाचा रस आटवून साखर काढली की जी काळी चिकट काकवी उरते ती मळी. नीरजानं ती पाण्यात कालवून वेगळ्या भोकांतून जमिनीत सोडायला सुरुवात केली. गाव जमलं.

"रामकिसना," अण्णाराव म्हणाला, "मळीची दारू व्हती, एवढं मला म्हाईत हाय. भुईला पाजायलाव व्हय रं?"

"औषध हाय ते."

"माझा थोरला बी औषधच म्हणायचा."

नीरजानं समजावून सांगितलं. मातीत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. त्यांना गोड खायला घातलं की ते वाढतात, आणि ते वाढले की पिवळ्या विषाचा गुण पालटतो. ते हिरवट होऊन दगडाला चिकटून बसतं, पाण्याबरोबर चालत नाही. लोकांनी माना हलवल्या. घरी जाताना जो तो म्हणत होता की भट्टी लावायचा हा प्रकार नवीन आहे, जमिनीच्या आतून, म्हणजे पोलिसांना धूर दिसत नाही. शेवटी कुणीतरी कळवलंच. दारूबंदीवाले दोन शिपाई मोटारसायकलवरून आले, पालथं पडून भोकांचे वास घेतले, आणि 'सदर जमीन नशेत आढळून आली नाही' असा पंचनामा करून गेले.

पंचक्रोशीतल्या मुंग्यांचं मात्र एकमत झालं. त्या सगळ्या रांगा धरून रामकिसनच्या रानात उतरल्या. त्या वर्षी सावरगव्हाणात कुणाच्या साखरेच्या डब्याला मुंगी लागली नाही. बाया म्हणायच्या, सफाईचं बाकी काही का होईना, एवढा फायदा झाला.

अधूनमधून नीरजा यायची. पेनासारखा लांबट, पारदर्शक पोहरा दोरीनं नळीत सोडायची, पाणी काढायची आणि बरणीत घेऊन त्यात चिमूटभर पावडर टाकायची. विष असलं की पाणी जांभळं व्हायचं. पहिल्या वेळी ते असं जांभळं झालं की पिकलं जांभूळ फिकं पडावं. पुढच्या वेळी वांग्याच्या फुलासारखं. मग नुसती झाक. दुसऱ्या उन्हाळ्यात सातही नळ्यांचं पाणी काचेसारखं निघालं आणि पावडर टाकली तरी तसंच राहिलं.

रामकिसननं बरणी बराच वेळ उन्हाला धरून पाहिली.

"झालं का वो ताई?"

"होत आलंय मामा. दसऱ्यानंतर समिती येईल, त्यांच्यासमोर शेवटची तपासणी. तेवढी पार पडली की झालं."

बातमी गावभर झाली. समितीबरोबर जेसीबी येणार हेही झालं. लागलंच तर लगेच बुजवता यावं म्हणून.

आणि श्रावण सरता सरता नळ्यांचं पाणी पुन्हा पिवळं आलं.

आधी एका नळीचं, मग तिघींचं, मग सातही. नीरजानं पावडर टाकली. जांभळं होईना. दुसरी पुडी फोडली. होईना. पाणी पिवळं होतं आणि त्यात विष नव्हतं. ती बांधावर बसली.

"असं होत नसतं," ती म्हणाली.

"पर झालंय," रामकिसन म्हणाला.

तिनं बाटल्या शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवल्या. तिथूनही तेच उत्तर आलं. राघवेंद्र साहेबांना फोन लावला तर ते म्हणाले, "मॅडम, तुमची पावडर काय म्हणते ते ठेवा. गावाची विहीर पिवळी झाली म्हणून मी आलो, आणि दोन वर्षांनी ती पिवळी ठेवून मी जाऊ? कारण सांगा. कारण नसेल तर मी नवीन गळती धरणार, आणि समिती येईल त्या बुधवारी बुजवणार."

रामकिसननं राखण दुप्पट केली. जागेपणी तो नळ्यांवरून नजर काढत नव्हता. त्याला संशय शेडवाल्याचा. पण माळावर कुणी दिसेना, कुलपं शाबूत, किल्ल्या करदोड्याला. दुपारी भाकरी खाल्ल्यावर लिंबाखाली त्याचा डोळा लागायचा, तेवढाच काय तो खंड. आणि त्याची झोप तर सगळ्यांना माहीत होती. एकदा झोपेत त्याच्या अंगावरून शेळ्यांचा कळप गेला होता.

शनिवारी नीरजा पुन्हा आली. तिनं पुन्हा पाणी काढलं, तेही पिवळं. पोहरा हिंदकळून तिच्या ओढणीवर सांडलं. काम संपल्यावर ती रामकिसनच्या घरी आली, न्हाणीजवळच्या दगडावर ओढणी टाकली आणि साबण लावला. पिवळा डाग झर्रकन लालभडक झाला.

नीरजा थांबली. पाणी कशानं पिवळं झालं होतं ते तिला अजून उमगलं नव्हतं. धुरपदाबाई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "हळदीचा हाय तो डाग. साबण लागला की लालच व्हतो. उन्हात टाका, आपोआप जाईल."

नीरजानं मान वर केली. अंगणात रामकिसन उभा होता. त्यानंही ऐकलं होतं. त्याचा हात हळूहळू कमरेच्या किल्ल्यांकडं गेला आणि तिथंच राहिला.

नीरजा उठून त्याच्याजवळ आली. आवाज खाली घेऊन म्हणाली, "मामा, कुणी टाकली ते मला सांगू नका. सांगितलं तर मला लिहावं लागेल. फक्त बुधवारपर्यंत त्यात काही पडू देऊ नका. मी तोवर साहेबांना काय सांगायचं ते बघते."

ती गेल्यावर रामकिसन चुलीपुढं बसला.

"अगं," तो म्हणाला, "आपल्या आसरा कुठं असत्यात आता?"

"कुठं म्हंजे? भाईर आल्यात न्हवं का. काटेरी तारंत कोण ऱ्हाईल?" तिनं भाकरी उलटली. "साती जणी रांगेनं उभ्या हाईत की तुमच्या म्होरं. डोईला शेंदूर लावून. दोन वर्सं राखण करायलाव, आन वळख न्हाय."

"हळद... वरनंच लावत असशील."

"आदुगर वरनं लावायची. जेसीबी येनार म्हनल्यावर म्या म्हनलं, वरवरचं काय कामाचं. त्या ऱ्हात्यात पान्यात. शुकरवारी वंजळभर आत सोडती, येकीयेकीला. नवस केलाय, हीर ऱ्हाऊ दे म्हनून."

"आन किल्ली?"

"तुमच्या करदोड्याची गाठ म्या सोडती, म्याच बांदती. तुमाला कदी कळलंय?"

तिच्या तोंडावर असं समाधान होतं की रामकिसननं उघडलेलं तोंड मिटलं. याच हातांनी तिनं ते सगळं डबर वर काढलं होतं. त्याच हातांनी तू विहीर बुजवायलीस, हे वाक्य त्याच्या जिभेपर्यंत आलं आणि पुढं सरकेना. त्याला स्वतःच्या संथपणाचा पहिल्यांदाच आधार वाटला. मग त्याला एक सुचलं. एवढं मोठं खोटं तो जन्मात बोलला नव्हता.

"दुपारी माझ्या सपनात आल्या व्हत्या," तो म्हणाला.

"कोन?"

"त्याच. म्हनल्या, धुरपदाबाईला सांग, बुधवारपातूर आमाला उपास हाय. हळद नको, कुकू नको."

धुरपदाबाईचा हात परातीत थांबला. नवरा जन्मात पहिल्यांदा देवाचं बोलत होता. तिचे डोळे भरून आले. "साती जणींना?"

"साती जणींना."

"निर्जळी?"

व्हय म्हणायला त्याला एक श्वास लागला. तेवढ्यात तिचं तीच म्हणाली, "निर्जळी कशी असंल, पान्यातच तर ऱ्हात्यात." आणि पुन्हा भाकरी थापायला लागली. रामकिसनला वाटलं, मिटलं. मंगळवारी दुपारी तो लिंबाखाली कितीतरी दिवसांनी निवांत झोपला.

बुधवारी समिती आली. मागून जेसीबी आला. त्याचा ड्रायव्हर कुलदीप भूमचा पोरगा, त्यानं यंत्र विहिरीच्या तोंडाशी लावलं आणि खाली न उतरता वरच पाय पसरून बसला. गाव आलं होतंच. धुरपदाबाई नवं लुगडं नेसून, हातात झाकलेली थाळी घेऊन बांधावर उभी होती.

नीरजानं पहिली नळी उघडली. पोहरा वर आला. पाणी नितळ होतं. रामकिसननं सुस्कारा सोडला, आणि तो पुरता सुटायच्या आत राघवेंद्र साहेबांनी बरणी सूर्याला धरली.

तळाशी टपोरे, पांढरे, गोल मणी फिरत होते.

"हे काय आहे?"

नीरजाही बरणीकडं वाकली. साहेबांनी दुसरी नळी उघडायला लावली. त्यातही मणी, वर शेंगदाण्याचं एक अर्धुक तरंगत होतं. अण्णाराव पुढं झाला, बरणीला नाक लावून निरखून बघितलं.

"साहेब, साबुदाणा हाय," तो म्हणाला. "चांगला भिजलाय. कूट जरा कमी पडलं."

"भूगर्भात साबुदाणा?"

"आमच्याकडं निघत न्हवता आजपातूर."

लोक हसले. राघवेंद्र साहेब हसले नाहीत. ते वाईट माणूस नव्हते. आयुष्यभर त्यांनी कागदावर बसेल तेवढंच पाहिलं होतं आणि हे कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. "आधी पिवळं पाणी. आता हे. मॅडम, बाहेरून काय येतंय, कुठून येतंय, कोण टाकतंय, हे ठाऊक नसेल तर हा नमुना बाद. शेवटचा नमुना बाद म्हणजे..." त्यांनी विहिरीकडं पाहिलं. साहेबांनी इकडं पाहिलं म्हणून कुलदीपनं इंजिन चालू केलं.

जेसीबीचा दात वर उचलला गेला. बांधावर धुरपदाबाईनं थाळी छातीशी धरली आणि काहीतरी बोलायला पाऊल पुढं टाकलं.

"म्या टाकला," रामकिसन म्हणाला.

जन्मात पहिल्यांदा त्याच्या तोंडून शब्द वेळेआधी बाहेर पडला होता. गाव साबुदाण्यापेक्षा या गोष्टीनं जास्त चकित झालं.

"तुम्ही? राखणदारानं?"

"व्हय."

"आणि आधीचं पिवळं?"

"हळद. ती बी म्याच टाकली. किल्ल्या माझ्याकडंच हाईत, दुसरं कोन टाकील?"

"पण का?"

रामकिसननं टोपी सारखी केली. "उपास व्हता त्यांचा."

"कुणाचा?"

"सातींचा. आसरांचा."

साहेबांनी पेन काढलं. कारण मिळालं होतं, नाव मिळालं होतं, आता कागद चालू शकत होता. त्यांनी मोठ्यानं म्हणत लिहिलं: राखणदारानं श्रद्धेपोटी निरीक्षण नळ्यांना हळद व उपवासाचा फराळ दिल्याचं कबूल केलं, सबब त्याला कामावरून कमी करण्यात येत आहे. टोपी, शिट्टी आणि किल्ल्या त्यानं आजच्या आज वाशीच्या कार्यालयात स्वतः जमा कराव्यात. नळ्या पंपानं उपसून सर्वांसमक्ष नवा नमुना घ्यावा.

पंप लागला. आधी साबुदाणा आला, मग तळाला बसलेला हळदीचा गाळ आला, आणि मग कितीतरी वेळ नुसतं पाणी येत राहिलं. कोंबड्या साबुदाण्यावर धावल्या. दुपार कलली तेव्हा नीरजानं सातही बरण्या ओळीनं मांडल्या आणि पावडर टाकली. साहेबांनी प्रत्येक बरणीमागं पांढरा कागद धरून पाहिलं. कुठंच जांभळं नाही, कुठंच पिवळं नाही.

"विहीर बुजवण्याची गरज नाही," ते म्हणाले. "कुंपण राहील. आणखी तपासण्या होईपर्यंत पाणी कुणी पिऊ नये. पण विहीर राहू द्या."

कुलदीपनं इंजिन बंद केलं आणि जेवण कुठं आहे ते विचारलं.

तेवढ्यात धुरपदाबाई बांधावरून खाली आली. लोकांना वाटलं, नवऱ्याच्या पाया पडते की काय.

"लाज न्हाय वाटत?" ती रामकिसनला म्हणाली. "उपास म्या धरला. साबुदाना म्या भिजवला. हळद माजी, नवस माजा, आन फळायच्या टायमाला ह्यांचं नाव? साऱ्या गावाम्होरं, सरकारी कागदावर? जलमभर देवाला हात जोडला न्हाय, आन आता पुन्य घ्यायला फुडं."

राघवेंद्र साहेबांचं पेन पुन्हा वर आलं. नीरजा घाईनं म्हणाली, "साहेब, जीप तिकडं उभी आहे, चहा ठेवलाय," आणि त्यांना वळवून घेऊन गेली.

रामकिसननं बायकोकडं पाहिलं. त्यानं करदोड्याची गाठ सोडायला घेतली. ती त्याला सुटेना. धुरपदाबाईनंच रागारागानं पुढं होऊन सोडली आणि जुडगा त्याच्या हातात आपटला.

"जीपमध्ये बसता का?" साहेबांनी लांबून विचारलं. "आम्ही वाशीलाच चाललोय."

"नगं. पाय आखडत्यात," रामकिसन म्हणाला. त्यानं टोपी काढून काखेत मारली, शिट्टी खिशात टाकली आणि वाशीच्या वाटेला लागला.

"माजा नवस व्हता म्हनून सांगा तितं," धुरपदाबाई मागून ओरडली. "नाव बदलून आना."

त्यानं मागं न बघता हात वर केला. व्हय म्हणाला की नाही म्हणाला, ते कळलं नाही.

जीप त्याला ओलांडून गेली. गाव पांगलं. अण्णाराव पाराकडं वळला. नीरजा बरण्या पुसून पेटीत ठेवायला बसली. धुरपदाबाईनं थाळीवरचं फडकं काढलं, राहिलेल्या खिचडीतली निम्मी नीरजाला दिली आणि निम्मी कुलदीपला वर देऊन ती कपाळाला हात लावून वाटेकडं बघत उभी राहिली. ऊन तिरपं झालं होतं. तिच्या डोळ्यांना धूळ आणि माणूस यांतला फरक कळेना.

"तू उंचावर हाईस पोरा," ती जेसीबीकडं बघून म्हणाली. "दिसायलेत का अजून?"

कुलदीपनं घास गिळला आणि मान लांब केली. "दिसायलेत की मावशी. त्या बोरीजवळ."

"उभारलेत का चालायलेत?"

कुलदीप बराच वेळ बघत राहिला.

"कळंना," तो म्हणाला.

"मग चालायलेत," धुरपदाबाई म्हणाली, आणि थाळी काखेत धरून तशीच बघत उभी राहिली.